जुनी इमारत पाडावी की सुधारावी?

शाळा जुनी झाली, वर्ग अपुरे पडू लागले, की पहिला विचार सुचतो तो ती पाडून नवी बांधण्याचा. पण विद्यार्थिमित्रांनो, भिंतीतली प्रत्येक वीट भाजण्यासाठी भट्टीत इंधन जळलेले असते. इमारत पाडली की ती ऊर्जा वाया जाते, आणि नव्या विटा-सिमेंटसाठी पुन्हा इंधन जाळावे लागते. मग जुनीच वाढवता आली तर?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने हे करून दाखविले. ॲन आर्बर येथील त्यांची डेना इमारत १९०३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी बांधली गेली. पुढे तेथे वने, पाणी, जमीन अशा नैसर्गिक साधनसंपत्तीचा अभ्यास होऊ लागला आणि जागा अपुरी पडू लागली. आपल्या वाड्यांप्रमाणे या इमारतीच्या मध्यभागी उघडा चौक होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस नूतनीकरण सुरू झाले, तेव्हा या चौकातच नवी जागा काढली आणि वर काचेचे छप्पर घालून उजेड आत घेतला. जुन्या छपराच्या लाकडाचे फर्निचर झाले. २००५ मध्ये पर्यावरणपूरक इमारतींसाठीच्या 'लीड' पद्धतीत तिला सुवर्ण श्रेणी मिळाली.

येथील खोल्या गार कशा ठेवतात, हे पाहण्यासारखे आहे. थंड हवा खेळविण्यासाठी मोठे पत्र्याचे नळ लागतात. जुन्या इमारतीत त्यांना जागा कोठून आणायची? म्हणून छताला पट्ट बसवून त्यांतून गार पाणी फिरविले. आता थोडे गणित करू. एक घनमीटर हवा १° से. ने तापण्यास सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच पाण्याला सुमारे ४२ लाख ज्यूल! म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे बारीक नळीही पुरते. श्वासासाठी ताजी हवा मात्र वेगळी पुरवावीच लागते.

यात एक अडचण आहे. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा छतालाही येईल! तो टाळण्यासाठी पट्टाचे तापमान दवबिंदूच्या वर ठेवावे लागते. हवा ३०° से. आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २४° से. असतो. म्हणून दमट हवेत ही योजना करायची, तर आधी आतल्या हवेतील बाष्प कमी करावे लागते.

करून पाहा : स्टीलच्या चकचकीत पेल्यात साधे पाणी घ्या. बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकून ढवळत राहा. पेल्यावर पहिले दव दिसताच तापमापक वाचा. तो झाला तुमच्या वर्गातील दवबिंदू. हाच प्रयोग मे महिन्यात आणि जुलैमध्ये करा, आणि सांगा : तुमच्या वर्गाच्या छतात किती अंशाचे पाणी खेळविता येईल?