सगळे देशमुख एकमेकांचे कोण?

प्रश्न : आमच्या इमारतीत तीन देशमुख राहतात. आम्ही कोकणस्थ, दुसरे लातूरकडचे मराठा, तिसरे रायगडचे कायस्थ प्रभू. टपाल हमखास चुकीच्या दारात पडते. आमचा मुलगा विचारतो, आडनाव एक म्हणजे मूळ पुरुषही एकच असणार ना? वरच्या मजल्यावरच्या नगरकर आजींनी तर नगर कधी पाहिलेलेसुद्धा नाही. मग आडनाव नेमके सांगते तरी काय?

उत्तर : मुलाची शंका रास्त आहे. पण तिच्यामागे एक समजूत दडलेली आहे, की आडनाव नाकाडोळ्यांसारखे रक्तातून येते. तसे ते येत नाही. बहुतेक आडनावे आपली आपण घेतलेली नाहीत, ती लोकांनी ठेवलेली आहेत. गावात चार विठोबा असले, की ‘कोणता विठोबा?’ असे कोणीतरी विचारणारच. पाटलाचा, सोनाराचा, पलीकडच्या गावाहून आलेला, सात मुलांचा असे जे उत्तर मिळे, ते त्या घराला चिकटे. म्हणून आडनावात आपल्या पूर्वजाचे रक्त नसते, त्याची त्या वेळची ओळख असते.

आता तुमचे तीन देशमुख घेऊ. देशमुख हे कुळाचे नव्हे, हुद्द्याचे नाव. पूर्वी बऱ्याच गावांचा मिळून एक परगणा होई. त्याच्या वसुलीचा आणि बंदोबस्ताचा प्रमुख तो देशमुख, आणि परगण्याचे दप्तर सांभाळणारा देशपांडे. गावपातळीवर हीच जोडी पाटील आणि कुलकर्णी या नावांनी दिसते. ही वतने वंशपरंपरागत असत, त्यामुळे हुद्दा बापाकडून मुलाकडे जाई आणि नावही त्याच्याबरोबर जाई. परगणे अनेक, म्हणून देशमुख घराणीही अनेक, आणि ती निरनिराळ्या जातींची. बाभळगावचे विलासराव देशमुख मराठा, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू, आणि ‘लोकहितवादी’ गोपाळ हरी देशमुख चित्पावन. लोकहितवादींचे मूळ आडनाव सिद्धये. घराण्याकडे देशमुखी होती म्हणून ते देशमुख झाले. तुमच्या इमारतीत नेमके हेच तीन प्रकार एका जिन्यावर आले आहेत, इतकेच.

पुढे १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. महसुली पाटलांचे पद रद्द करणारा कायदा १९६२ चा. वतने गेली, पण आडनावे जागची हलली नाहीत. त्यामुळे आज गावाचे दप्तर तलाठ्याकडे असते आणि कुलकर्णी बँकेत किंवा संगणकासमोर बसलेले दिसतात.

याची उलट बाजूही मुलाला सांगा. आडनाव एक पण रक्त वेगळे, हे जसे घडते तसेच रक्त एक पण आडनावे वेगळी, हेही घडते. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, पण निंबळक गावावरून निंबाळकर झाले. तुकोबांचे कूळ मोरे, आडनाव अंबिले. नाना फडणवीस मूळचे भानू. पेशव्यांचे आडनाव भट. गंमत अशी, की या भटांकडे श्रीवर्धनची देशमुखीही होती, तरी ते देशमुख म्हणून ओळखले गेले नाहीत. लोकांच्या तोंडी बसले ते सातारच्या छत्रपतींकडून मिळालेले पेशवेपद. म्हणजे दोन हुद्दे असले तर कोणता चिकटेल, हे ठरवणार लोकच.

आता नगरकर आजी. ‘कर’ लागले म्हणजे त्या गावचे मालक, असे काहींना वाटते. तसे नाही. ‘कर’ म्हणजे फक्त ‘तिथला’. आणि थोडा विचार केला तर कळेल, की नगरमध्ये कोणाला नगरकर म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच नगरचे. ते घर नगर सोडून दुसरीकडे आले, तेव्हा नव्या शेजाऱ्यांना ही खूण सोयीची वाटली. म्हणजे असे आडनाव बहुधा पूर्वजांनी कोणते गाव सोडले ते सांगते. आजींनी नगर पाहिलेले नाही, यात आश्चर्य कसले?

‘कर’ फक्त ब्राह्मणांत किंवा फक्त कोकणात, ही आणखी एक चुकीची समजूत. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले, ते धनगर. गोव्यातल्या मंगेशीवरून मास्टर दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतले. डॉ. बाबासाहेबांचे घराणे सकपाळ. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. त्यावरून आंबडवेकर, आणि साताऱ्याच्या शाळेत त्याचे आंबेडकर झाले. आंबेडकर आडनावाच्याच एका शिक्षकांनी हा बदल केला, अशी हकीकत सांगतात.

आडनावाच्या शेपटीवरूनही बरेच कळते. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. दरबारी कारभार फारसीत चालत असे, त्याची ही आठवण. चंद्रपूर-नांदेडकडच्या मुनगंटीवार, वडेट्टीवार अशा आडनावांतला ‘वार’ तेलुगूतला आदरार्थी ‘वारु’ आहे. शेजारच्या भाषेने सीमेवर ठेवलेली ही खूण.

मग एकबोटे, सातपुते, गोडबोले, आगलावे? ही गावाने ठेवलेली टोपणनावे. कधी कौतुकाने, कधी चेष्टेने. यांच्यामागच्या सुरस कथांवर मात्र फार विश्वास ठेवू नका. गायकवाडांच्या पूर्वजाने कवाडाआड गायी वाचवल्या, घोरपड्यांचा पूर्वज घोरपडीच्या दोरीने गड चढला, अशा कथा ऐकायला छान आहेत. पण पुष्कळदा आधी नाव असते आणि त्याचा अर्थ लावायला कथा मागाहून जन्मते.

ही चेष्टेची नावे लोकांनी टाकून का दिली नाहीत, असेही तुम्ही विचाराल. पूर्वी ती बदलतच असत. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि लागलाच तर हुद्दा, एवढ्यावर भागत होते. इंग्रजी अमलात शाळेचा पट, कोर्ट, सरकारी नोकरी आणि जमिनीचे कागद या सगळ्यांना एक कायमचे आडनाव हवे झाले. त्या दिवशी तोंडात जे होते ते कागदावर चढले आणि तिथेच थिजले. आता बदलायचे तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

तेव्हा नात्याचा शोध घ्यायचा असेल तर आडनावावर थांबू नका. कुलदैवत कोणते, गोत्र किंवा देवक कोणते, वतन कोणत्या परगण्याचे, हे विचारा. तिन्ही जुळले तर पुढे जाण्यात अर्थ आहे. पुष्कळ कोकणस्थ घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, तुमचे देशमुखीपूर्वीचे आडनाव त्यात सापडू शकेल. कोल्हापूर-बेळगाव भागात हेळवी घराण्यांच्या वंशावळी सांगतात. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात, तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमचे आजोबा-पणजोबा येऊन गेल्याची नोंद आहे का ते बघा. मात्र तिथे नुसते ‘देशमुख’ म्हणाल, तर उपाध्याय आधी हेच विचारतील, ‘कोणत्या गावचे?’