सोडवू नकोस, पारख

दहिवडी, ता. माण

चि. सुयोग यास,


तुझी वही पाहिली. बीजगणित कच्चं नाही; असमानतेच्या प्रश्नांत तू चुकतोस ते उत्तर काढायला बसतोस म्हणून. डेटा सफिशियन्सीत दिलेल्या माहितीवर ठाम निकाल लागतो का, एवढंच सांगायचं असतं. आणि ठाम ‘नाही’ हाही निकालच. ‘क्ष > ५ आहे का?’ या प्रश्नाला ‘क्ष < ३’ हे विधान पुरेसं आहे. तू तिथं ‘अपुरं’ लिहिलंयस.

आपल्याकडं मेंढरू घेणारा आधी दात-खूर बघून खोट शोधतो, भावाचं नंतर. विधानातही तशी खोट शोध. एक आकडा ‘हो’ देणारा आणि एक ‘नाही’ देणारा मिळाला की विधान अपुरं. -२, -१/२, ०, १/२, २ हे पाच आकडे आधी घालून बघायचे. क्ष² > क्ष हे २ ला खरं, १/२ ला खोटं, -२ ला पुन्हा खरं. तू फक्त २, ३, ४ घालतोस, मग खोट दिसणार कशी?

मात्र आकड्यांनी विधान मोडता येतं, सिद्ध करता येत नाही. मोडेना झालं की बीजगणिताकडं वळायचं. उदाहरणार्थ, क्ष > य आहे का?

विधान १: क्ष² > य²
विधान २: क्ष + य > ०

पहिल्यात ३, २ घेतले तर ‘हो’. -३, २ घेतले तर ‘नाही’. दुसऱ्यात ५, १ आणि १, ५ घे; तेही मोडलं. आता दोन्ही एकत्र. पहिलं विधान म्हणजे (क्ष - य)(क्ष + य) > ०. दुसरा कंस धन आहे हे विधान २ सांगतं, म्हणून पहिलाही धनच. दोन्ही मिळून पुरेशी.

ज्याचं चिन्ह माहीत नाही, त्यानं गुणू-भागू नकोस. क्ष/य > १ वरून तू क्ष > य लिहिलंस. क्ष = -४, य = -२ घेऊन बघ: भागाकार २, पण क्षच लहान.

यूपीएससीच्या सीसॅटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, म्हणून ‘इंटिजर’, ‘पॉझिटिव्ह’ या शब्दांखाली रेघ ओढ. ० < क्ष < २ एवढ्यावर क्ष ठरत नाही. तो पूर्णांक असेल तर १ च. ‘नॉन-निगेटिव्ह’मध्ये शून्यही येतो.

सीसॅटला ३३ टक्के पुरतात, पण अडीच गुणांच्या प्रश्नाला चुकलं की एक तृतीयांश वजा होतात. तेव्हा ना मोडलं, ना सिद्ध झालं, तर सोडून पुढं जा.

आता रोज पाच प्रश्न कर. अपुऱ्या विधानापुढं मोडणारे दोन आकडे लिही, पुरेशापुढं कारण. रविवारी फोटो पाठव, तपासून देतो.

तुझा,
मामा