आंकडा, माहिती आणि ज्ञान

शेती हें जसें उदरनिर्वाहाचें साधन आहे, तसाच तो व्यापारही आहे. आणि व्यापार म्हटला कीं हिशेब आलाच. आंकडा, माहिती व ज्ञान या त्या हिशेबाच्या तीन पायऱ्या होत. त्यांतील भेद न ओळखल्यामुळें शेतकऱ्यास पुष्कळदां नुकसान सोसावें लागतें. कांद्याचेंच उदाहरण घेऊं.

बाजार समितीच्या फलकावर क्विंटलचा दर १,५०० रुपये लिहिला आहे. हा झाला आंकडा. तो किमान दर, कमाल दर कीं सर्वसाधारण दर, हें कळल्यावांचून त्यास अर्थ नाहीं; कारण कमाल दर निवडक मालासच मिळालेला असतो. तिन्ही दर, त्या दिवसाची आवक आणि मागील आठवड्यांचे दर शेजारीं शेजारीं मांडले, म्हणजे बाजार चढता आहे कीं उतरता, हें दिसूं लागतें. ही माहिती झाली.

तथापि माहिती सर्वांस सारखीच मिळते. माल विकावा कीं ठेवावा, हें ठरविणारें ज्ञान मात्र ज्याचें त्यानेंच मिळवावें लागतें. समजा, उन्हाळी कांदा निघाला तेव्हां दर १,२०० रुपये होता व आपणांजवळ १०० क्विंटल माल होता. तेव्हांच विकला असता, तर १,२०,००० रुपये आले असते. चार महिने चाळींत ठेवल्यावर दर १,५०० झाला. पण सुकून, सडून व कोंब येऊन माल ७५ क्विंटलच उरला. त्याचे आले १,१२,५०० रुपये. दर ३०० रुपयांनीं चढूनही तोटा ७,५०० रुपयांचा. चाळीचा व निवडणीच्या मजुरीचा खर्च निराळाच! दर १,६०० झाला असता, तेव्हां कोठें मूळ रक्कम हातीं आली असती.

ही घट प्रत्येकाची सारखी नसते. कांद्याची जात, काढणीपूर्वीं किती दिवस पाणी तोडलें, कांदा कितपत सुकविला, चाळींत वारा कसा खेळतो, यांवर ती अवलंबून असते. याकरितां माल चाळींत घालतांना वजन करावें, बाहेर काढतांना पुन्हां करावें व दोन्ही वजनें तारखेसह टिपून ठेवावीं. हवामानाप्रमाणें घटींत दरसाल फरक पडेल. तरी तीनचार हंगामांच्या नोंदींवरून आपल्या चाळीची घट आपणांस अजमावतां येईल, आणि कोणत्या दराखालीं थांबणें परवडत नाहीं, हें आपली वहीच सांगेल.