पाणी कुठलं, ते आधी विचारा

परदेशात खेड्यातल्या घरी राहायची संधी मिळाली तर हे वाचून जा. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

श्रीलंकेत अनुराधापुराजवळ मी आठ दिवस एका शेतकरी कुटुंबात राहिले. चपला दाराबाहेर, जेवण हाताने, हे आपल्यासारखंच. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो मात्र काढायचा नाही. पोट भरलं की 'ऍती' म्हणायचं, म्हणजे 'पुरे'. तरी घरातली अम्मा आणखी भात वाढतेच!

माझी चूक झाली ती पाण्यात. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरातल्या कॅनच्या पाण्याने मी केस धुतले. अम्मा काही बोलली नाही. संध्याकाळी तिचा मुलगा रिकामा कॅन सायकलला बांधू लागला, तेव्हा त्याच्याकडून कळलं. या भागातल्या शेतकऱ्यांमध्ये १९९० च्या दशकापासून किडनीचा एक आजार आढळतो. नेमकं कारण अजून ठरलेलं नाही, पण विहिरीच्या पाण्यावर संशय. म्हणून आंघोळ विहिरीवर आणि प्यायला आरओ प्लांटचं विकतचं पाणी. घरातले आजोबा डायलिसिसवर आहेत, हेही तेव्हाच समजलं. आणि रिव्हर्स ऑस्मोसिसच्या प्रश्नाला मी पूर्ण मार्क मिळवले होते!

दुसऱ्या दिवशी पाणी आणायला मीही गेले. भरलेला कॅन मागे असला की सायकल एका बाजूला ओढते, दोन्ही हातांनी धरावी लागते.