न दिसणाऱ्या तेजोमेघाचें छायाचित्र

डिसेंबरांतील निरभ्र रात्रीं पूर्वेकडे पाहिलें असतां कृत्तिका, त्यांखालीं तांबूस रोहिणी आणि रोहिणीच्या ईशान्येस वृषभाच्या शिंगाच्या टोंकाशीं अग्नि नांवाचा ठळक तारा, हीं सहज ओळखतां येतात. ह्या अग्नीनजीक, हजारों वर्षांपूर्वीं स्फोट होऊन नाश पावलेल्या एका ताऱ्याचे अवशेष तंतूंच्या जाळ्याप्रमाणें पसरले आहेत. त्यांचा विस्तार सुमारें तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीनें बसतील एवढा आहे. तरी त्या ठिकाणीं डोळ्यांस केवळ अंधार दिसतो. १९५२ सालीं क्रिमियांतील सिमेईझ वेधशाळेच्या छायाचित्रांत ग्रिगोरी शाइन व व्हेरा गाझे ह्या ज्योतिर्विदांस ते आढळले, म्हणून ह्या तेजोमेघास सिमेईझ १४७ असें म्हणतात.

असा क्षीण तेजोमेघ हौशी मनुष्याच्या लहान दुर्बिणींत कसा सांपडावा? डोळा क्षणोक्षणीं जुनें चित्र पुसून नवें घेतो; कॅमेरा मात्र मिळेल तेवढा प्रकाश सांठवीत राहतो. येथें लांब नळीची मोठी दुर्बीण उपयोगाची नाहीं, कारण एवढा विस्तार तिच्यांत मावतच नाहीं. सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची आखूड दुर्बीणच बरी. तेजोमेघांतील हायड्रोजन ६५६ नॅनोमीटर लांबीच्या तांबड्या प्रकाशलहरी सोडतो. तेवढ्याच लहरी आंत घेणारी फिल्टरची कांच कॅमेऱ्यापुढें बसविली कीं रस्त्यावरील दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर राहतो. आकाश तासाला पंधरा अंश सरकतें, म्हणून दुर्बीणही ध्रुवाकडे रोखलेल्या आंसाभोंवतीं यंत्रानें त्याच गतीनें फिरवावी लागते.

पांच मिनिटांच्या एका चित्रांत फार तर एखादा अंधुक धागा दिसतो. बाकी सारा रवाळपणा. अशीं शंभर चित्रें एकांत एक मिळविलीं कीं तेजोमेघाचा प्रकाश शंभरपट होतो. परंतु रवा कोठें अधिक, कोठें उणा पडत असल्यामुळें तो दहापटच वाढतो. म्हणजे स्पष्टता दहापट झाली. ह्यास आठ तास वीस मिनिटें लागलीं. आणखी दुप्पट स्पष्टता हवी तर चारशें चित्रें, म्हणजे तेहतीस तास वीस मिनिटें! वर्गमूळ शिकून उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांनीं हा हिशेब अवश्य मांडून पाहावा.

एकाच रंगाच्या प्रकाशांत घेतलेलीं हीं चित्रें वस्तुतः काळींपांढरींच असतात. रंग मागाहून देतात. तसें सांगून दिलेल्या रंगास आमची हरकत नाहीं. परंतु हल्लीं संगणकाकडून नसलेले तंतूही रेखाटून घेतां येतात, आणि तें चित्र पुष्कळदां अधिक सुंदर दिसतें. त्यास आम्ही छायाचित्र म्हणणार नाहीं. खरा तंतु दुसऱ्या रात्रीं घेतलेल्या चित्रांतही त्याच जागीं उमटतो.

मूळ ताऱ्याचें काय झालें, असें कोणी विचारील. त्याचा गाभा उरला आहे. रेडिओ-दुर्बिणीनें लागलेला त्याचा शोध १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. तो सेकंदास सुमारें सात गिरक्या घेतो. आपल्या चारशें चित्रांत मात्र तो दिसावयाचा नाहीं.