टाकाऊ वस्तूंचा परतीचा मार्ग

पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, चेन्नईच्या घराघरांतून जुन्या चटया, झाडू, फाटके कपडे बाहेर काढून पहाटे त्यांची होळी करण्याची प्रथा आहे. (महाराष्ट्रातील भोगी मात्र मिसळीच्या भाजीत आणि तीळ लावलेल्या भाकरीतच रमते.) चटया गवताच्या होत्या तोवर या होळीने फारसे बिघडत नव्हते. पुढे तीत टायर आणि प्लॅस्टिक पडू लागले व सणाच्या सकाळी शहरावर काळा धूर साचू लागला.

वस्तुतः जुन्या वस्तूचे मोल या शहराला पूर्वीपासून ठाऊक होते. १९८५ साली आगीत भस्मसात झालेले मूर मार्केट जुन्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होते. पुदुपेट येथे मोडीत निघालेल्या मोटारींचे सुटे भाग आजही विकले जातात. वस्तू वितळवून पुन्हा घडविण्यापेक्षा आहे त्या रूपात वापरली, तर तिच्यात खर्ची पडलेले श्रम आणि इंधन वाचते. बाटली धुण्यास पाणी पुरते, वितळविण्यास भट्टी लागते. परंतु हीच वस्तू ओल्या कचऱ्यात मिसळली की तिची किंमत उरत नाही. ती घरातच वेगळी ठेवली गेली पाहिजे, आणि रहिवाशांच्या संघटनेचे खरे काम येथे सुरू होते.

एम. बी. निर्मल यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या एक्झ्नोरा या संस्थेने गल्लोगल्ली रहिवाशांची मंडळे उभारली. प्रत्येक कुटुंबाने दरमहा थोडी वर्गणी द्यावी आणि तीतून तीनचाकी सायकलगाडीचा व ती चालविणाऱ्याच्या वेतनाचा खर्च भागवावा, अशी ही योजना होती. या कामावर कचरा वेचणाऱ्यांना नेमून त्यांना ‘रस्त्याचे सुशोभक’ असे नाव देण्यात आले. हा बदल केवळ नावाचा नव्हता. ज्याला दारातून हाकलले जाई, त्याची आता दारात वाट पाहिली जाऊ लागली.

२००० साली शहराच्या काही विभागांतील कचरा उचलण्याचे काम खासगी कंपनीकडे गेले व मोबदला वजनावर ठरला. वजनावर पैसे मिळविणाऱ्यास कचरा घटण्यात स्वारस्य कसे असणार? मंडळांचा सारा खटाटोप तर तो घटविण्यासाठीच होता.

कचऱ्याला अखेर जागा लागतेच. पेरुंगुडीचे कचराक्षेत्र कित्येक दशके पल्लिकरणैच्या दलदलीत पसरत गेले. २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेली ही दलदल दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी सामावून घेते.