कर्नाळ्यातील एक फेरी

कर्नाळ्यास जाणाऱ्या बहुतेकांचे लक्ष किल्ल्याच्या सुळक्याकडे असते. अंगठ्यासारखा उभा तो सुळका आहेच तसा. पण गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल गेली तेव्हा सरांनी किल्ला मुद्दाम टाळून आम्हांस खालच्या जंगलातील सोप्या वाटेने नेले. जेथून निघावे तेथेच फिरून यावे, अशी ही फेरी. हिच्यात लिहिण्याजोगे काय, असे मलाही वाटले होते.

येथे १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर असून मुंबई-गोवा महामार्ग त्यातूनच जातो. त्यामुळे पहिली दहा मिनिटे पक्ष्यांऐवजी मालमोटारीच ऐकल्या. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, काही दिसला नाही. भृंगराज मात्र दिसला. त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशीच काय ती पिसे! दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज तो असे काढतो की आमची दोनदा फसगत झाली.

एका फांदीवर मातकट रंगाचा गोळा होता. तो मुंग्यांचा. तांबूस सुतार हा पक्षी मुंग्या नांदत असलेल्या असल्या गोळ्यालाच भोक पाडून आत अंडी घालतो. हे ऐकून आम्ही सारेच थबकलो.

पुढे एक झाड लागले. साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली.

"हे कोणते?" सरांनी विचारले.

"ऐन," मी चटकन म्हणाले.

"वा! कोणत्या पुस्तकात वाचलेस?"

मी गप्प राहिले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. ऐन मला पुस्तकाने नव्हे, मोळीने शिकवला. ऐनाचा निखारा रात्रभर टिकतो, पांगारा नुसता भुरुभुरु जळून जातो, हे आईचे ज्ञान. एकदा आमच्याकडच्या जंगलात पहारेकऱ्याने तिचा कोयता काढून घेतला होता. त्या रात्री आमची चूल शेजारच्या काकूंच्या गोवऱ्यांवर पेटली. इथे झाड तोडू नये हे मला पटते, आणि तो कोयताही आठवतो. दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

मग कुंभा आला. त्याच्या सालीच्या तंतूंची वात पूर्वी तोड्याच्या बंदुकीला वापरीत, असे सरांनी सांगितले. तेव्हा कुठे मी धीर करून मोळीची गोष्ट त्यांना सांगितली. ते म्हणाले, "मग पुढची झाडे तूच सांग." किंजळ मी सांगितला, नंतरची दोन चुकले.

घरी आल्यावर आईने विचारले, "वाळकी लाकडं तिथं कोण नेतं?"

"कुणी नाही. तशीच कुजू देतात. त्यांत किडे होतात, ते पक्षी खातात."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ऐन केवढे आहेत गं?"

मी हात पसरून दाखवले.

"म्हंजे आपल्या दोघींच्या कवेत मावायचा नाही," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.